लसूण, रक्ताचा डबा आणि रोदेलियो

रोदेलियोने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बांबूच्या साकवावरून खाडीच्या चिखलात पडत होते. त्याने झेप घेतली आणि… माझ्या हातातला बर्फाचा डबा झेलला. मी गेले कमरेपर्यंत आत.

"मासे असतील ना," तो वरून म्हणाला. "वाया गेले असते."

मासे नव्हते. माणसांचं रक्त होतं, अकरा नळ्या. फिलिपिन्समधल्या आमच्या पनाय बेटावर चाळिशीतल्या काही पुरुषांची मान वाकडी होते, हातपाय पिळवटतात. लुबाग म्हणतात त्याला. मेंदूचा आजार, घराण्यातून उतरणारा. नऊ वर्षं मी त्याच्यामागे आहे. आई म्हणते, एवढी वर्षं एखाद्या पुरुषामागे लागली असतीस तर नातवंडं शाळेत गेली असती.

पाय धुवायला त्याच्या घरी गेले. आई गेल्यावर त्याला वाढवणाऱ्या कोन्सिंग मावशींनी डबा उघडून पाहिला. रक्त पिणाऱ्या अस्वांग बायांवर आमच्याकडे लहानथोर सगळ्यांचा विश्वास. पाच मिनिटांत दाराला लसणाची माळ लागली.

मी घाईघाईने वही काढली आणि माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. मुलगा कितीचा? आजोबा कशाने गेले? मामा किती? मावशी थबकल्या. एवढ्या पिढ्यांची चौकशी इथे एकाच कामासाठी करतात. तुझं लग्न झालंय का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. लसणाची माळ उतरली आणि सरळ चुलीवर शिजणाऱ्या अडोबोच्या पातेल्यात गेली.

मग मावशी सुटल्याच. त्यांचे पाच भाऊ, सगळे सत्तरीपुढचे, अजून नारळावर चढतात. एक तर ब्याऐंशीव्या वर्षी परत प्रेमात पडलाय. मी सगळं लिहून घेत होते. रोदेलियो कोपऱ्यात कालवं फोडत होता, कानापर्यंत लाल होऊन.

साकवापर्यंत तो सोडायला आला. या वेळी डबा नाही, माझा हात धरला.

"मावशीचं मनावर घेऊ नका, डॉक्टोरा. मला लग्नच करायचं नाहीये."

"मी कुठे मागणी घातलीय?"

तो हसला नाही. "बाबांना लुबाग होता. बेचाळिसाव्या वर्षी मान वळली, ती परत आलीच नाही. मी आता चौतीसचा. आठ वर्षांसाठी कुणाला अडकवू?"

मी तिथेच साकवावर बसकण मारली आणि वहीत काढलेली त्याच्या घराण्याची वंशावळ उघडली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. त्याच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"अहो, हा आजार मुलाला बापाकडून येतच नाही. येतो तो आईकडून. आणि तुमच्या आईकडचे म्हातारे नारळावर चढतायत."

त्याने आईकडच्या म्हाताऱ्यांचे चौकोन बोटाने मोजले. रक्त तपासल्याशिवाय खात्री देणार नाही, मी बजावलं. मला वाटलं, आता आनंदाने उडी मारेल. पण त्याने विचारलं ते वेगळंच.

"आणि मेर्लिनचं? माझ्या बहिणीचं?"

खोटं बोलता येईना. बापाचं ते मुलीकडे येतंच. तिला स्वतःला बहुधा काही होणार नाही, पण तिच्या मुलाला… निम्मी शक्यता.

"तो आठ महिन्यांचा आहे," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे उपाय शोधायला माझ्या हातात तीसेक वर्षं आहेत. पुरतील मला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा एकदा पडले. या वेळी झेलायला डबाही नव्हता.

तीन आठवड्यांनी त्याच्या रक्ताचा निकाल आला. स्वच्छ. सांगायला गेले तर त्याने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि मागच्या परसात नेलं. तिथे ताजा खड्डा होता, बाजूला नारळाचं रोप.

"आजवर एकही लावला नव्हता," तो म्हणाला. "याला फळ धरायला सात वर्षं. एकट्याने पाणी घालायचा कंटाळा येईल."

"ही मागणी समजू?"

"तुझ्या वहीत माझ्या चौकोनाशेजारी जागा रिकामी आहे. मी बघून ठेवलंय."

संशोधनातल्या माणसात जीव गुंतवायला आम्हाला सक्त मनाई. म्हणून संशोधन समितीकडे त्याचं नाव यादीतून काढायचा अर्ज केला. कारण: 'संशोधिकेशी नातं जुळण्याची शक्यता.' समितीचं उलट पत्र आलं, शक्यता किती टक्के ते नमूद करावं.

पत्र घेऊन मी रोदेलियोकडे गेले. अंगणात मावशी लग्नासाठी डुकराचा सौदा करत होत्या.

मी शंभर लिहिलं.