बेचाळिसावी ओवी

"इरू... ए इरू..."

सुमनआत्याची हाक अशी होती. पहिलं 'इरू' खालच्या पट्टीत, दुसरं जरा वर चढलेलं. जात्याचा खुंटा फिरावा तशी गोल. तीस वर्षांपूर्वी कराडला अंगणात खेळताना ती यायची, आणि अजूनही...

अजूनही काय, ते पुढे सांगते.

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर स्वतःला इतकं वाईट रंगवलं नसतं.

शनिवार, तेरा डिसेंबर २०२५. ब्रिस्टल. दुपारचे अडीच.

हो, दुपारच. भुतं म्हणे रात्रीची वाट बघतात. ब्रिस्टलच्या डिसेंबरात त्यांना तेवढं थांबावं लागत नाही. चार वाजता काळोख होतो.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान डॉक्टर मुरलीधरकाका. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं ते ऑपरेशनआधी पेशंटला भूल द्यायचे. मूलबाळ नाही. मी सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आले, तेव्हापासून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचं ठरलेलं.

आत्या ओव्या करायची. मिक्सरवर पीठ-मसाला दळायची आणि मिक्सर बंद झाला की गायची. "हा मेला मला बोलूच देत नाही गं. जातं कसं, बाईच्या सुरात सूर मिसळायचं."

तिच्या ओव्यांत सासर-माहेर होतं, तसं धुकंही होतं.

*बिनवेळी गं अंधार, चारला दिवे लागं*
*दाराशी नाही कुनी, हाक मारू कुनामागं*

अशा एक्केचाळीस ओव्या तिनं स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर भरून ठेवल्या होत्या.

वीस जानेवारी २०२४ ला आत्या गेली. वरच्या बेडरूममध्ये. घरात तेव्हा एकच माणूस होतं.

मी.

यंदा डिसेंबरात एका गुरुवारी काकांचा फोन आला.

"अगं इरा, तिचा कॉम्प्युटर गेला."

"गेला म्हणजे?"

"काळा पडलाय. टकटक करतो नि थांबतो. नाडीच लागत नाही."

"आतली डिस्क गेली असेल, काका. मी बॅकअपची काळी डबी दिलेली, ती आहे ना?"

"आहे. तुझ्या अक्षरातली चिठ्ठीपण तशीच आहे. पण विंडोजची सीडी सापडत नाही. सगळे ड्रॉवर उपसले."

"सीडी लागतच नाही. तो फुल बॅकअप आहे. विंडोज, फाईली, सगळं त्यात आहे. मी इथून एक पेनड्राइव्ह तयार करून आणते. त्याच्यावर मशीन सुरू करायचं नि नव्या डिस्कवर सगळं उतरवायचं."

"ओव्या येतील ना गं?"

"त्या दिवशी जसं होतं, तसंच्या तसं परत येईल, काका."

बोलले मी. पण फोन ठेवला आणि 'त्या दिवशी' हा शब्द मलाच लागला.

कारण तो बॅकअप मी वीस जानेवारीलाच घेतला होता. त्याच दुपारी.

मी पोचले तेव्हा काका फारच वाळले होते. स्वेटरमध्ये माणूस शोधावा लागत होता.

"जेवता का, काका?"

"टोस्ट खातो."

"टोस्ट म्हणजे जेवण नव्हे."

"इथल्या पेशंटांना सांग ते. अख्खं आयुष्य टोस्टवर काढतात."

स्टडीमध्ये, कॉम्प्युटरच्या मागच्या सोफ्यावर, पांघरूण होतं. ते दोन वर्षं खालीच झोपत होते. जिन्याला स्टेअरलिफ्ट आहे, आत्याच्या गुडघ्यांसाठी बसवलेली वरखाली जाणारी खुर्ची. ती तळाशी होती, सीट दुमडून. तिची बॅटरी काढून नेलेली, खालची झाकणी उघडीच. मी नीट बघितलं होतं.

हे लक्षात असू द्या.

"मी एक प्रयोग केला," काका म्हणाले. "वर तिच्या पलंगावर रेडिओ लावला, अगदी बारीक. आणि इथे, तुझ्या खुर्चीत येऊन बसलो. येतो गं आवाज. कानातलं मशीन लावलं तर मलासुद्धा स्वच्छ येतो."

मी पेनड्राइव्ह शोधायचं नाटक करत राहिले.

"म्हणजे तिनं हाक मारली असती, तर तुला आली असती."

"हो."

"नव्हती ना मारली?"

दर रविवारी फोनवर ते हेच विचारायचे. दर रविवारी मी तेच सांगायचे.

"नाही, काका."

"मग क्षणात गेली असणार. पण मी घरात असायला हवं होतं. सकाळी म्हणाली, कसंतरी होतंय. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल. गोळी दिली आणि तू आलीस म्हणून कोथिंबीर आणायला गेलो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे श्वास मोजले गं मी. आणि घरात..."

ते चहा करायला उठले. किचनचं दार ओढून घेतलं.

मी जुनी डिस्क काढून नवी बसवली. पेनड्राइव्ह लावला. निळा स्क्रीन आला. बॅकअपची काळी डबी जोडली. यादीत एकच नाव होतं.

२० जानेवारी २०२४, ३:१०.

मी 'रिस्टोअर' दाबलं.

पट्टी सरकायला लागली. चार टक्के. सात टक्के.

आणि त्या दिवशीही मी त्याच खुर्चीत, तशीच पट्टी बघत बसले होते...

आता सांगायलाच हवं.

कराडला आत्या सुट्टीला आली की आम्हा पोरांना सांगायची, कातरवेळी हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. हाकामारी असते, ओ देणाऱ्याला घेऊन जाणारी. ती एकदा हाक मारते, दोनदा मारते. तिसरी तिला मारता येत नाही. तिसरी हाक आली तरच समजायचं, माणूस आहे.

मी इंग्लंडला आल्यावर त्याचा आमचा खेळच झाला. ती वरून हाक मारायची, "इरू..." मी गप्प. "ए इरू..." मी गप्पच. मग ती ओरडायची, "माणूसच आहे गं बाई, ये आता!" आणि आम्ही दोघी हसायचो.

वीस जानेवारीला बॅकअप तेरा-चौदा टक्क्यांवर असताना वरून हाक आली.

"इरू..."

मी हसले. ओ दिली नाही.

"ए इरू..."

जरा ओढलेला वाटला आवाज. पण म्हटलं, मुद्दाम करतेय. आता तिसरी येईल.

मी वाट बघितली.

तिसरी आलीच नाही.

मला वाटलं, झोपली असेल. मी पट्टी बघत राहिले. चाळीस मिनिटांनी काका कोथिंबीर घेऊन आले आणि वर गेले...

ॲम्ब्युलन्सवाल्या बाईनं विचारलं, "तिनं कुणाला बोलावलं होतं का?" मी म्हटलं, "नो." एकदा म्हटलं. मग काकांसमोर तेच म्हणावं लागलं. मग ते खरंच होऊन बसलं. मनाला समजावलं, काकांना तेवढाच आधार, की तिला त्रास झाला नाही. पण खरं सांगू? मी स्वतःला वाचवत होते. आणि म्हातारा माणूस माझ्या वाटणीचं ओझं उचलून वाळत चालला होता.

साठ टक्के. ऐंशी टक्के.

बाहेर काळोख झाला.

तेवढ्यात जिन्याकडून बारीक घरघर आली.

गुंऽऽऽ...

आणि थांबली.

मी मान वळवली. दारातून जिना दिसत होता.

खुर्ची... तळाशी नव्हती.

निम्म्या जिन्यात उभी होती. सीट उघडी.

"काका?" मी हाक मारली. किचनमध्ये किटली उकळत होती.

कॉम्प्युटर टिंग वाजला. रिस्टोअर पूर्ण. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि आत्याचा स्क्रीन जसाच्या तसा उभा राहिला. कृष्णाकाठचा फोटो. कोपऱ्यात 'ओव्या' नावाचा फोल्डर.

उघडला.

बेचाळीस फाईली.

शेवटच्या फाईलीला नाव नव्हतं. फक्त वेळ. २० जानेवारी २०२४, ३:३१.

बॅकअप म्हणजे फोटो असतो. सुरू करताना जे कॉम्प्युटरमध्ये असेल, तेच त्यात येतं. हा फोटो तीन दहाचा होता. तीन एकतीसला खोलीत आलेलं माणूस तीन दहाच्या फोटोत कसं दिसेल?

हेडफोन लावला. फाईल चालू केली.

आधी नुसती खोली. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. खुर्चीची करकर.

मग लांबून, वरून...

"इरू..."

आणि अगदी जवळून, माइकला लागून... एक हसू.

माझं.

 इतकं मोकळं होतं ते. इतकं खुशीत.

"ए इरू..."

मी बंद केली. फाईल डिलीट केली. कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. हो, तेव्हाही माझ्या मनात हेच आलं, की काकांच्या हाती लागता कामा नये.

फोल्डर बंद करून पुन्हा उघडला.

बेचाळीस.

आणि एक आठवलं. त्या दिवशी कॉम्प्युटरला माइक नव्हताच. बॅकअपची डबी लावायला जागा हवी म्हणून मीच त्याची वायर काढून ठेवली होती.

"झालं का गं?" काका दारात. हातात दोन कप. "आल्या ओव्या?"

"आल्या."

"लाव ना एक. पहिलीच लाव."

मी हेडफोन काढला आणि पहिलीवर क्लिक केलं. पहिलीवरच. माझं बोट चुकलेलं नाही.

आत्या गायला लागली.

*थंडीच्या गं देशामंदी, धुकं दारात उतरलं*
*माहेराचं नाव घेता, ऊन अंगनी पसरलं*

काकांनी डोळे मिटले. ओठ तिच्याबरोबर हलत होते.

दुसऱ्यांदा 'माहेराचं नाव' म्हणताना आवाज मध्येच तुटला.

शांतता...

"इरू..."

मी काकांकडे बघितलं. ते डोळे उघडून म्हणाले, "थांबवलंस का गं?"

"तुम्हाला... काही ऐकू आलं?"

"काय?"

"ए इरू..."

स्पीकरमधून आलं.  काकांचा चेहरा तसाच. वाट बघणारा.

आणि मग वरच्या मजल्यावरून, पलंगाच्या जागेवरून, घरघर नाही, खरखर नाही, समोर बसलेल्या माणसासारखी स्वच्छ...

"इरू."

तिसरी.

'माणूसच आहे गं बाई' नाही म्हणाली ती. नुसतं नाव घेतलं.

"आले, आत्या," मी म्हटलं. मोठ्यानं.

काकांनी कप खाली ठेवला. "कुणाला ओ दिलीस, इरा?"

मिल्टन कीन्सला परतल्यावर अंबरीश, माझा नवरा, समजावत होता. "कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल. फाईल जुनी असेल, इरा."

"घड्याळ चुकेल. माझं हसू कसं चुकेल?"

 पुढच्या भेटीत त्यानं स्वतः तो फोल्डर तपासला. एक्केचाळीस फाईली. पहिली ओवी सलग वाजते, शेवटपर्यंत. स्टेअरलिफ्टवाला माणूस खुर्ची काढून न्यायला आला तेव्हा म्हणाला, बॅटरीशिवाय ही इंचभरही हलत नाही, मग ही वरच्या टोकाला कशी?

  तिसरी हाक मारणारी आत्याच असेल, तर तिनं मला माफ केलं की नाही, हे तिच्या आवाजावरून कळलं नाही. अजूनही घरात कुणी वरून बोलावलं की मी पहिल्याच हाकेला धावते. जिना चढताना मागे बघत नाही.

पण त्या संध्याकाळी, काकांनी विचारलं तेव्हा, मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं.

"काका, आत्यानं मला हाक मारली होती. दोनदा. मी ऐकली होती. ती खेळतेय असं वाटून मी तिसरीची वाट बघत बसले. ॲम्ब्युलन्सवाल्यांना खोटं सांगितलं. तुम्हाला दोन वर्षं खोटं सांगितलं. तुम्ही घरात नव्हता, पण मी होते."

  मला वाटलं, आता जा म्हणतील.

त्यांनी कानातलं मशीन काढलं. हातात धरून त्याकडे बघत राहिले. मग खूप हळू म्हणाले,

"मला तिचा फोन आला होता, इरा. मी दुकानात रांगेत होतो. म्हटलं, मिरच्या पण आणा म्हणत असेल. मी कट केला."