भाऊजी दौऱ्यावर असताना

ही गोष्ट खरी आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेली, आणि त्यांच्याच तोंडून ऐकलेली. भाऊजींना थाप मारता येत नाही. येत असती तर विक्रीच्या धंद्यात ते बरेच पुढे गेले असते.

भाऊजी नळ विकायचे. सोमवारी नमुन्यांची पेटी घेऊन निघायचे, शनिवारी परतायचे. गावोगावच्या दुकानदारांना न गळणारे नळ दाखवत हिंडायचे, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं ठिबकत असायचा.

"अहो, एक गिऱ्हाईक घरीही आहे म्हटलं," ताई म्हणायची.

"येत्या रविवारी नक्की."

असे पुष्कळ रविवार गेले. तेवढ्यात मुलगी मोठी झाली. तिला ते ठकी म्हणायचे. ठकीचं पहिलं पाऊल पडलं ते मंगळवारी, पहिला दात पडला तो गुरुवारी. भाऊजींना सगळं शनिवारी कळायचं.

आता ठकी शिकायला परगावी निघाली होती. जायच्या आधीचे थोडे दिवस तरी तिच्याजवळ काढावेत, एवढंच भाऊजींच्या मनात होतं. त्यांनी रजा मागितली.

"मुलगी तुमची जाते आहे," साहेब म्हणाले, "महिनाअखेर माझी येते आहे."

शेवटी एका बुधवारी भाऊजींनी पुढची गावं टाळली आणि न कळवता घरी आले. भर दुपारी. भुतांनी रात्री निघावं अशी पद्धत आहे, पण इथे लख्ख ऊन पडलं होतं.

दार उघडंच होतं. ताई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"एवढ्यात आलात? दुकान बंद होतं का?"

"कुठलं दुकान?"

"बरं, चहा टाकू?"

भाऊजींना वाटलं, थट्टा करते आहे. ते हात धुवायला आत गेले. आणि तिथेच थबकले...

काहीतरी ऐकू येत नव्हतं.

नळ ठिबकत नव्हता.

"हा कोणी दुरुस्त केला?"

"कोणी म्हणजे? परवा तुम्हीच नाही का आतून ओरडत होतात, पाना कुठे ठेवलास म्हणून?"

परवा भाऊजी चार गावं पलीकडे, एका हार्डवेअरवाल्यासमोर उभे होते.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. ठकी चावी फिरवत आत आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"बाबा, वळणापर्यंत तुम्ही शिकवायला मागे बसला होतात. चौकात बघते तर मागे कोणीच नाही, मी एकटीच चालवतेय. कधी उतरलात हो? मुद्दाम ना?"

इतक्या कौतुकाने ठकीने त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

आणि ते कौतुक त्यांचं नव्हतं.

"हो," भाऊजी म्हणाले. "मुद्दामच."

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी ताईला सगळं सांगितलं. "दौऱ्यांचा शीण आहे, झोपा," ती म्हणाली. मग मला सांगितलं. मी माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नळ दुरुस्त करणारं भूत असेल तर चार दिवस इकडे पाठवा. आपल्या बाथरूमचं दार लागत नाही." मी हसलो. भाऊजी हसले नाहीत.

सोमवारी पेटी उचलावीच लागली. नोकरी गेली असती तर ठकीचं शिक्षणही गेलं असतं.

पुढच्या गावी पोहोचल्यावर संध्याकाळी त्यांनी लॉजच्या काउंटरवरून घरी फोन लावला. रिंग वाजली. कोणीतरी उचलला...

"हॅलो?"

आवाज भाऊजींचाच होता.

मागे ताटं मांडल्याचा आवाज. ठकीचं हसणं.

"कोण आहे हो?" ताईने विचारलं.

"काय माहीत. कोणी बोलतच नाही."

भाऊजी बोलत होते. काउंटरवरचा माणूस दचकून बघेल इतक्या मोठ्याने बोलत होते.

फोन ठेवला गेला.

ठकी जायच्या दिवशी त्यांनी कोणालाच विचारलं नाही. सकाळची पहिली गाडी पकडून ते थेट बसस्टँडवर उतरले. ठकीची बस सुटायच्या बेतात होती. ती खिडकीत बसलेली दिसली. रडत होती. खाली उभ्या असलेल्या माणसाचा हात तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

त्या माणसाची पाठ भाऊजींकडे होती.

स्वतःची पाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. तरी त्यांना ती ओळखू आली.

"ठके! अगं ठके, इकडे!"

बस हलली. ठकी हात हलवत राहिली, त्या माणसाकडे बघत. तिची नजर भाऊजींवरून गेली... भिंतीवरच्या जाहिरातीवरून जावी तशी.

मध्ये हमालाची गाडी आली. ती सरकली तेव्हा तिथे ताई एकटीच डोळे पुसत उभी होती. ती भाऊजींपाशी आली.

"चला. आणि ही पेटी कशाला घेऊन आलात स्टँडवर?"

संध्याकाळी ठकीचा फोन आला. "बाबा, नीट पोहोचले. तुम्हाला रडताना आज पहिल्यांदाच पाहिलं मी."

भाऊजी "हं," म्हणाले.

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. ठकीने शिकवण्या धरून आपला खर्च भागवला. भाऊजी आता घरीच असतात. घर सोडून कुठे म्हणून जात नाहीत. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना भाऊजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी माझा हात धरला.

"तुला मी दिसतो ना रे?"

"दिसता की. न दिसायला काय झालं?"

ते घराकडे बघत राहिले. म्हणून मीही तिकडे पाहिलं. आणि तेव्हा मला ऐकू आलं...

आत ताई बोलत होती. भाजीचं काहीतरी, ठकीच्या फोनचं काहीतरी. मध्ये थांबत होती.

थांबत होती, कारण तिला कोणीतरी उत्तर देत होतं.

मग दोघं हसली.

मी भाऊजींकडे पाहिलं. ते रुमालाने फाटकाजवळची पायरी झटकत होते.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी बसतो जरा इथेच. त्यांचं बोलणं आटपलं की जाईन आत."

मी निघालो. कोपरा ओलांडेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. ताईला तेव्हापासून फोन करायचा आहे. रोज ठरवतो. पण कोण उचलेल, आणि मी त्याला काय म्हणून हाक मारायची, हे काही कळत नाही.