उत्तर आलं की गप्प बसायचं

संध्याकाळी हाक लावायची, यात तसं जगावेगळं काही नव्हतं. खांद्याला स्पीकरची पिशवी अडकवायची, दरीच्या काठावर जायचं, घुबडाची शीळ वाजवायची आणि कान देऊन बसायचं. त्या जातीचं घुबड रानात उरलं असेल, तर आपल्या हद्दीत हा परका कोण आला म्हणून ते उत्तर देतं. या दरीत दोन वर्षं ती वनखात्यासाठी हाक लावत होती, पण कुणीच उत्तर दिलं नव्हतं. आज पाहणीचा शेवटचा दिवस. आज घुबड बोललं नाही, तर दरीतून रस्ता जायचा होता. झाडांवर चुन्याच्या फुल्याही मारून झाल्या होत्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण कुऱ्हाड चालवायची असली की सगळ्यांनाच घाई होते.

जीप थांबवून ड्रायव्हरने विचारलं, “वहिनी, मी येऊ बरोबर?”

“नको भाऊजी. दोघांची चाहूल लागली तर ते असलं तरी बोलायचं नाही.”

खरं कारण तिने सांगितलं नाही. स्पीकरमधली शीळ तिच्या नवऱ्याची होती. तो या दरीचा वनरक्षक. सगळे त्याला शीळवालेच म्हणत. खऱ्या घुबडाचा आवाज कुणाकडेच नव्हता, म्हणून त्याने स्वयंपाकघरात उभं राहून नक्कल केली आणि तिने ती फोनवर टिपून घेतली. तीन सूर. तिसऱ्याला त्याचा दम तुटायचा आणि मागोमाग खोकला यायचा. “घुबडाला कुठला खोकला!” म्हणत साहेबांनी तेवढा तुकडा कापून टाकला. सगळे हसले, तीही हसली होती. त्याच थंडीत तो दरीत पाय घसरून गेला. त्याच्या गळ्यात तिनेच विणलेला राखाडी मफलर होता. पुरायच्या वेळी लोक तो काढायला लागले, तेव्हा तिने त्यांचे हात धरले. “राहू दे, थंडी बाधते त्यांना,” एवढंच ती म्हणत राहिली. मफलर त्याच्याबरोबरच मातीआड झाला.

काठावर ओल्या पानांचा वास होता. धुकं खालून वर चढत होतं. तिने बटण दाबलं. तीन सूर दरीत उतरले आणि विरून गेले. पुन्हा दाबलं.

आणि उत्तर आलं! खालच्या मोठ्या झाडाकडून तीन गोल, धडधाकट सूर. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. दरी वाचली होती.

आता स्पीकर बंद करायचा. उत्तर आलं की गप्प बसायचं, हे नवऱ्यानेच तिला शिकवलं होतं. हाक चालूच ठेवली तर पक्षी अंडी सोडून भांडायला येतो, आणि अंडी गारठतात. तिने बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात दुसरीकडून शीळ आली. तिसरा सूर मोडलेला. आणि मागोमाग... खोकला.

तिचा हात थांबला. स्पीकरमध्ये खोकला नव्हता. तो साहेबांनी कापला होता.

“अहो...” ती पुटपुटली आणि तिने पुन्हा बटण दाबलं.

या वेळी शीळ जवळून आली. पुन्हा दाबलं, आणखी जवळ. ओल्या लोकरीचा वास आला. पायाखाली पानं चुरगळत कुणीतरी चढ चढत होतं, दम लागून थांबत होतं. दोन वर्षांत तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा झोत गेला. घुबड घरटं सोडून आलं होतं.

तिने स्पीकर बंद केला.

“जा परत,” ती धुक्याला म्हणाली. “दोघंही जा... अंडी गार पडतील.”

पावलं थांबली.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. तोंडाशी आलेला घास आपणच मातीत घातला, असं वाटत राहिलं. सकाळी ड्रायव्हरने त्या मोठ्या झाडाला शिडी लावली आणि ती वर चढली. घुबड समोरच्या फांदीवर पिसं फुलवून बसलं होतं, ढोलीत शिरायला धजत नव्हतं. तिने ढोलीत हात घातला आणि बोटांना लोकर लागली.

अंड्यांवर राखाडी मफलर नीट पांघरलेला होता. खाली अंडी उबदार होती.

तिने मफलर खाली आणला. ड्रायव्हरने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. “वहिनी... हा आत्ताच कुणीतरी गळ्यातून काढलाय.”

वर घुबड ढोलीत शिरलं.

घरी येऊन तिने मफलर दाराच्या खुंटीला अडकवला. दिवसभर लोकर गार पडली नाही. दिवे लागले आणि अंगणातून शीळ आली. तिसरा सूर मोडला. मग खोकला, कालच्यापेक्षा जास्त, थांबता थांबेना.

ओठांपर्यंत आलेलं “अहो” तिने गिळलं. उत्तर दिलं तर तो इथेच राहील, आणि दरी राखायला कोण उरेल? पण त्याचा गळा उघडा होता. तिला राहवेना. तिने दार हातभर उघडलं, तोंड फिरवलं आणि मफलर बाहेर धरला.

तो कुणीतरी अलगद ओढून घेतला. हाताला हात लागेल म्हणून तिने बोटं तशीच पसरून ठेवली. लागला नाही.

खोकला थांबला. मग दाराच्या अगदी फटीशी, कुजबुजत, कुणीतरी म्हणालं, “उद्या हाक लावशील ना?”