साखर ओतायची तालीम

चर्चच्या तळघरात थॅडियस आला होता तो विसरलेली छत्री न्यायला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात १९६०च्या फेब्रुवारीतली गार भुरभुर चालली होती... पण दारातच तालीम घेणाऱ्या मिसेस गेन्सनी त्याचा दंड धरला.

"बरा सापडलास! आम्हाला एक गोरा कमी पडतोय."

काळ्यांना गोऱ्यांशेजारी बसून खाऊ न देणाऱ्या दुकानांतल्या काउंटरवर जाऊन तळघरात जमलेली ही कॉलेजची मुलं बसणार होती. काहीही झालं तरी हात उचलायचा नाही, याची तालीम चालली होती. थॅडियसही काळाच, पण त्याने तालमीपुरतं गोरा गुंड व्हायचं, खुर्चीतल्या मुलीला शिव्या द्यायच्या, तिच्या डोक्यावर साखर ओतायची.

खुर्चीत आयोला होती. पिवळा स्वेटर, चष्मा, आणि नजर अशी थेट की थॅडियसला एकही शिवी आठवेना.

"ए... म्हणजे... उठा इथून," तो चाचरला. बरणी उचलून म्हणाला, "माफ करा हं, मिस —" आणि चिमूटभर साखर तिच्या केसांवर टाकली.

सगळं तळघर खदखदून हसलं.

"इतके सभ्य गुंड कुठून आणता हो, मिसेस गेन्स?" आयोला म्हणाली. मग हसू आवरून हळूच त्याला म्हणाली, "नीट ओता. इथे माया दाखवलीत, तर तिथे मी मोडेन."

त्याने डोळे मिटून बरणी उपडी केली. डोळे उघडले तर ती तशीच बसलेली, पापणीही न हलवता. छत्री तिथेच राहिली. शनिवारी दुकानात जाऊन बसणाऱ्यांत त्यानेही नाव घातलं.

शनिवारी तो दुकानात तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला होता. एका गोऱ्या पोराने तिच्या डोक्यावर साखर ओतली, वर टोमॅटो सॉस. मग तिचा चष्मा ओढून टाचेखाली चिरडला.

थॅडियसची मूठ वळली. ती मूठ एकदा उठली असती, तर सगळ्यांच्या कष्टांवर पाणी पडलं असतं... आणि तरी मूठ उठत होती.

"माफ करा हं, मिस्टर," आयोला समोर बघतच पुटपुटली.

त्याची मूठ सुटली. एवढं धैर्य त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते त्याच्या कोपराला कोपर लावून बसलं होतं!

पोलिसांनी पकडलं ते अर्थातच यांनाच. गाडीत तो म्हणाला, "आयोला... मी प्रेमात पडलोय तुझ्या."

"मुहूर्त बरा शोधलास! चष्म्याशिवाय मला तू धड दिसतही नाहीस."

"मग उत्तर कधी?"

"त्याच काउंटरवर कॉफी पाज. तेव्हा सांगते."

मे महिन्यात शहराने हार मानली, दुकानांतले काउंटर काळ्यांनाही खुले झाले. तीच स्टुलं, आणि तेव्हा वाढायला नकार देणारी तीच वेट्रेस. तिने मान खाली घालून दोन कप ठेवले आणि गेली.

"साखर?" थॅडियसने भीत भीत विचारलं.

आयोलाने कप उचलला आणि तसाच बशीत परत ठेवला. सॉस ओतला तेव्हा न हललेली मुलगी आता मुसमुसून रडत होती.

"अगं, नवा चष्मा भिजेल..."

"भिजू दे," ती म्हणाली आणि चष्मा काढून तिने त्याच्या हातात दिला. "तू दिसतोस मला. आणि हो... माझं उत्तर हो आहे."

तिची कॉफी निवत होती. त्याने कपात साखर घातली आणि सावकाश ढवळली.