आठ हातांची सतरंजी

मधू सरांनी सांगितलेलं काम अगदी साधं होतं. बंद पडलेल्या मराठी शाळेतून एक जुनी सतरंजी आणायची आणि लामता गावी, दुलीचंद नावाच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी पोचवायची, बस्स. सोमवारी ती इमारत पाडणार होते. सर एक्क्याऐंशी वर्षांचे, बालाघाटच्या घरात खाटेला खिळलेले. आणि शेखर त्यांचा जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा, तहसीलमधला बाबू. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"त्याले म्हणजो," सर थांबत थांबत म्हणाले, "लहान होता तू, हात सुटला असन. मी तुले शाळेतून काढाले नोको होतं... सरानं माफी मांगली म्हणजो."

शेखर "हौ सर" म्हणाला आणि त्यांच्या पायांकडे पाहत राहिला. तोंडाकडे पाहायची हिंमत त्याला छत्तीस वर्षांत झाली नव्हती.

आता ही सतरंजीची काय भानगड, ते सांगायला हवं. मधू सर नववीला इतिहास शिकवायचे, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. पुस्तक मिटून ते आठ पोरं उभी करत. एक चेक, एक पोल, एक क्रोएट, अशी एकेक जमात एकेकाला वाटून देत. शेखर हंगेरी होता. प्रत्येकाच्या छातीवर रंगीत कागदाचा बिल्ला. आठ जणांनी निळ्या सतरंजीचे चार कोपरे आणि चार कडांचे मध्य, अशी आठ टोकं धरून ती कमरेइतकी उचलायची, आणि मधोमध वर्गातलं सगळ्यात हलकं पोरगं बादशहा म्हणून मांडी घालून बसायचं. सर नकाशापुढे उभे राहून एकेक नाव पुकारत. ज्याचं नाव येईल त्यानं आपलं टोक हळू सोडायचं. पहिलं नाव चेकचं. बादशहा कलत कलत, हसत हसत जमिनीला टेकायचा, आणि सर म्हणायचे, "पाहा, एवढं मोठं राज्य! बाहेरून धक्का बसलाच, पण आतून ज्यानं त्यानं आपलं टोक सोडलं."

त्या वर्षी सरांनी बिल्ले आठ दिवस आधीच वाटले, आणि तिथंच चुकलं. उरलेल्या वर्गानंही बाजू घेतल्या. पहिल्या दिवशी गंमत होती. चौथ्या दिवशी हंगेरीवाले क्रोएटांच्या डब्याला हात लावेनात. सहाव्या दिवशी कुणीतरी चेकचं दप्तर विहिरीत टाकलं. चेक म्हणजे दुलीचंद, शाळेच्या माळ्याचा पोरगा, घरी गोंडी बोलणारा. बिल्ला कागदाचा असला तरी त्याखालची छाती खरीखुरी फुगते, हे सरांसारख्या शहाण्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही.

बादशहा होता प्रीतम, शेखरचा जिवलग. रोज शेखरच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत यायचा. सतरंजी उचलली तसा तो ऐटीत म्हणाला, "ए हंगेरी, नीट धर!" वर्ग खो खो हसला. अर्धं राज्य माझं, आणि हा मलाच हुकूम सोडतो? शेखरनं टोक सोडून दिलं. सर अजून नकाशाकडे तोंड करून उभे होते, एकही नाव पुकारलं नव्हतं. सतरंजी कलली, बाकीचे हातही सुटले आणि प्रीतमचं डोकं फरशीवर आपटलं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला.

"पयले कोनं सोडलं?" असं सरांनी विचारलं तेव्हा शेखर म्हणाला, "दुलीचंदनं." सगळ्यांना ते लगेच पटलं. यादीत पहिलं नाव चेकचं, त्यानंच घाई केली असणार. सरांनी दुलीचंदच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही केली आणि मग स्वतःच्या राजीनाम्यावर.

तर शेखर शाळेत पोचला तेव्हा मे महिन्यातली दुपार होती, तीनचा सुमार. आवारात चिटपाखरू नव्हतं. सगळं सामान नववीच्याच वर्गात कोंबलेलं, असं चावी देणाऱ्यानं सांगितलं होतं. शेखरनं कुलूप काढलं. खडूचा आणि उंदरांचा वास आला. बाहेर लू अंग भाजून काढत होती आणि आत मात्र गार होतं, विहिरीच्या काठावर असतं तसं. डोळे अंधाराला सरावले, आणि तो दारातच थिजला.

सतरंजी कमरेइतक्या उंचीवर ताणलेली होती. सात टोकांना मुठीत धरल्यासारख्या घट्ट चुण्या पडल्या होत्या, पण धरणारं कुणी नव्हतं. मधोमध खोलगट झोळ. आठवं टोक, खिडकीजवळचं, नुसतं लोंबत होतं. ते कुणाचं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पळून जावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी तो पुढं झाला आणि लोंबतं टोक दोन्ही हातांनी धरलं.

वजन आलं. ओळखीचं, सायकलच्या दांडीवरचं. कुणी मांडी बदलावी तसा झोळ किंचित हलला. खोबरेल तेलाचा वास आला.

"प्रीतम..."

"नीट धर..."

आवाज अगदी जवळून आला. त्यात आता ऐट नव्हती, नुसती भीती होती.

आणि शेखरचे हात सुटले. मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं, तरी सुटले. भराभर बाकीच्या चुण्याही उलगडल्या, एक सोडून. दाराकडचं ते टोक सगळं वजन पेलत, थरथरत तसंच हवेत राहिलं. मग चर्रकन कापड फाटलं आणि फरशीवर काहीतरी आपटलं.

ती जागा दुलीचंदची होती.

मग शेखरनं सतरंजी गुंडाळायला घेतली. दाराकडच्या टोकाला तळहाताएवढा तुकडा नव्हता. पण फाटलेले धागे मळके, विटलेले होते. आज फाटलेले नव्हते ते.

लामत्याला दुलीचंद अंगणात तेंदूपत्त्याच्या गड्ड्या बांधत बसला होता. उजव्या हाताची मूठ मिटलेली. त्या मुठीनं पानं दाबायची आणि डाव्या हातानं, दातांनी गाठ मारायची. शेखरला पाहून त्यानं खाट पुढं सरकवली. "सीता, पानी आन," त्यानं बायकोला हाक मारली. काहून आला, असं विचारलंही नाही.

सरांचा निरोप सांगायला शेखरनं तोंड उघडलं, आणि दुसरंच बाहेर पडलं.

"दुलीचंद, पयले मी सोडलं होतं. मी. अन् नाव तुह्यं घेतलं."

दुलीचंदनं गड्डी बाजूला ठेवली. "मालूम है," तो म्हणाला. "मी तुह्या समोरच तर उभा होतो."

"मंग बोलला काहून नाही?"

"माळ्याच्या पोराचं कोन आयकलं असतं?" तो हे रागानं म्हणाला नाही, म्हणूनच शेखरला ते फार लागलं.

"अन् हा हात?"

"डाक्टर म्हणते, नस आखडली. त्या दिवसापासून उघडत नाही."

बोटांच्या फटीतून निळ्या धाग्याचं टोक बाहेर आलं होतं. सतरंजी विटून राखाडी झाली होती, पण तो धागा कालच रंगवल्यासारखा निळा होता. शेखर त्याच्या पायांशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"सोड आता, भाऊ... सरानं माफी मांगली. मी मांगून राह्यलो. सोड."

दुलीचंदनं मान हलवली. तेव्हा शेखरला दिसलं, की तो धागा खाली ताठ ओढलेला होता आणि दुलीचंदचं मनगट भरलेली बादली धरल्यासारखं तटतटलं होतं.

"कसा सोडू?" दुलीचंद हळूच म्हणाला. "बसून आहे ना तो अजून... सोडलं तर पडन."

शेखरनं त्या मुठीखाली आपले दोन्ही हात लावले. वजन आलं. त्यानं डोळे मिटले, दात आवळले, पण हात काढले नाहीत.

सीता पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोघांना तसं बसलेलं पाहून तिला काही नवल वाटलं नाही.

"सांजच्याले जास्त जड होते जी," ती म्हणाली. "मी बी धरत असते कधीमधी."