जिभेवरची पाखरं

शिमगा होऊन चार दिवस झाले होते. अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवणारे उद्धवराव आणि त्यांची बायको अनुपमा आदल्या संध्याकाळी हिवरखेडला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्कामाला आले होते, आणि उजाडता उजाडता बैलांची दमणी जुंपून सातपुड्याच्या पायथ्याच्या तलावाकडे निघाले होते. काम अगदी साधं होतं. मास्तरांना पाखरांची यादी करायची होती.

तो नाद त्यांना कॉलेजात असताना लागला. बदली होऊन गेलेल्या एका जंगलसाहेबाच्या सामानातून त्यांना एक पितळी दुर्बीण मिळाली, आणि तेव्हापासून सुटीचा दिवस आणि पाणवठा यांची गाठ कधी चुकली नाही. लग्नानंतर अनुपमाही सोबत येऊ लागली. ते बघत, ती पेन्सिलीने चित्रं काढी. फाल्गुनाचे हे दिवस त्यांना सगळ्यात आवडत. ‘पाहुणी पाखरं निघायच्या तयारीत आणि घरची पाखरं बाळंतपणाच्या,’ असं ते म्हणायचे. करकोचे, चक्रवाक, थापट्या बदकं उत्तरेला परतायची असत, आणि त्याच वेळी सुरया नि टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालू लागत.

तलावात जमिनीची एक चिंचोळी पट्टी आत शिरलेली होती. तिन्ही बाजूंनी पाणी. गावात तिला जीभ म्हणत. हिवाळ्यात ती बुडालेली असे. पाणी ओसरलं की उघडी पडे, चांगली दोन फर्लांग लांब. उघड्या पडलेल्या गाळावर किसनराव माळ्याची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, होती, काठापासून थेट जिभेच्या मुळापर्यंत. जिभेवर मात्र एकही वेल नव्हता. एवढी गाळाची जमीन मोकळी कशी सोडली, हे अनुपमाला तेव्हाच खटकलं होतं.

किसनरावाची बायको माणिकबाई वेलांना पाणी घालत होती. मास्तर जोडे काढून धोतर खोचू लागले तशी ती हातातली घागर ठेवून उभी राहिली.

“गुर्जी, तठी नका जाऊ.”

“कावून?” मास्तरांनी हसून तिच्याच बोलीत विचारलं. “साप हाय का?”

“साप असता त साप म्हनून सांगतलं असतं,” माणिकबाई म्हणाली. “जिभेवर आमच्यातलं कोनी जात नाई. तुमी बांधावरूनच पाहा.”

“बांधावरून घरटी दिसत नाहीत हो. अर्ध्या तासात येतो.”

तिने पुन्हा अडवलं नाही. शहरच्या शिकलेल्या माणसाला किती वेळा सांगायचं? पण तिने पुन्हा घागरही उचलली नाही.

अनुपमा बांधावर बाभळीच्या सावलीत बसली. दुर्बीण तिच्याकडेच होती. मास्तर जिभेवर पोचले आणि पाखरं उठली. टिटव्या ओरडत सुटल्या, सुरया वर गेल्या आणि गिरक्या घेऊन खाली झेपा घालू लागल्या. यात नवल काहीच नव्हतं. अंड्यांजवळ कुणी आलं की सुरय डोक्यावर चोच मारायलाही कमी करत नाही. मास्तरांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी उपरण्याचं मुंडासं बांधलं होतं.

पण थोड्या वेळाने अनुपमाच्या लक्षात आलं की पाखरं मास्तरांवर झेपा घालत नव्हती.

ती घालत होती त्यांच्या मागे. दहा-बारा पावलं मागे. तिथे कुणीच नव्हतं. चिखल, वाळलेलं गवत आणि त्यावर एकामागून एक उतरणाऱ्या सुरया, अगदी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येऊन चीत्कारत वळणाऱ्या. मास्तर चालले की ती जागाही पुढे सरके. मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून एखाद्या घरट्यावर वाकले की ती जागा थांबे.

तिने दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पदराने काच पुसली आणि पुन्हा लावली. आता ते अंतर सात-आठ पावलांवर आलं होतं.

“अहो!” ती उभी राहून ओरडली. “अहो, मागे बघा!”

वारा तिच्या तोंडावर येत होता. हाक तिच्याच कानांत परत आली. दुर्बिणीत मास्तर इतके जवळ दिसत होते की त्यांच्या कानामागची पेन्सिल दिसत होती. हात लांबवला तर खांद्याला लागेल असं वाटत होतं, आणि तिच्या हाती काहीच नव्हतं. ते पुढच्या घरट्यावर वाकले. पाच पावलं. त्याच्या पुढच्या. तीन. ती बांध उतरून धावत सुटली, गाळात गुडघाभर रुतली, माणिकबाईने येऊन तिला दंड धरून बाहेर काढलं.

“आता काई होत नाई वो बाई,” माणिकबाई हळूच म्हणाली. “आता धावून काई होत नाई.”

आणि एकाएकी सगळं शांत झालं. एकूण एक पाखरू खाली बसलं. जिभेच्या टोकाला मास्तर वाकलेले होते. पुष्कळ वेळ वाकलेले होते. मग ते सरळ झाले, वळले आणि परत येऊ लागले.

अनुपमाच्या जिवात जीव आला. मास्तर घरट्यांमधून चालत येत होते, आणि एकही सुरय उठली नाही, एकही टिटवी ओरडली नाही, याचा अर्थ तिला त्या घटकेला लागला नाही.

“झालं,” ते बांधावर येऊन म्हणाले. “चल.”

“किती घरटी? काय काय दिसलं?”

“होती बरीच.”

दुर्बिणीसाठी त्यांनी हात पुढे केला नाही. दमणी वळणावर आली तेव्हा मागे जिभेच्या टोकावर सुरयांचा पुन्हा कल्लोळ उठला. तिने वळून पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं, आणि पाखरं झेपा घालत होती.

“ऐकलंत का?” ती म्हणाली.

“काय?” उद्धवरावांनी विचारलं.

घरी सगळं जिथल्या तिथे सुरू झालं. मास्तर शाळेत जात, वह्या तपासत, भाजी आणत. मीठ कमी पडलं तर मागून घेत. पण पुढच्या ओटीवर देवाच्या तसबिरीमागे चिमणीचं घरटं होतं. पूर्वी मास्तर आरामखुर्चीतून नुसते उठले तरी ती भुर्रकन उडायची. आता ती त्यांच्या खांद्यावर येऊन बसे. काडी चोचीत धरून, इकडेतिकडे बघत, भिंतीवर बसावं तशी. एकदा तर ती त्यांच्या डोक्यावर बसली आणि केस ओढू लागली, घरट्यासाठी. मास्तर वर्तमानपत्र वाचत राहिले.

“अहो, चिमणी…” अनुपमा म्हणाली.

“कुठे?”

तिने वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली, आणि माजघरात येऊन म्हणाले, “प्रकृती ठणठणीत आहे. तुम्हीच थोडी विश्रांती घ्या.”

कुणाला काय सांगणार? नवरा रागावत नाही, पीत नाही, वेळेवर घरी येतो. फक्त पाखरं त्याला भीत नाहीत. अशी तक्रार घेऊन बाईने कुणाच्या दारात उभं राहायचं? रात्री तो शेजारी निजलेला असे आणि ती भिंतीला टेकून जागी असे. त्याचा श्वास अगदी बरोबर चाले. तेच तिला सोसत नव्हतं.

चैत्र अर्धा सरला तेव्हा माहेरी जाते म्हणून ती निघाली, आणि हिवरखेडला उतरली.

तलावाकाठी डांगरांचा घमघमाट सुटला होता. माणिकबाईने तिला पाहिलं आणि काही न विचारता झोपडीच्या सावलीत घोंगडी अंथरली, गुळाचा खडा नि पाणी दिलं.

“माणिकबाई, तुम्हाला माहीत होतं.”

माणिकबाईने वेलांकडे बोट केलं. तिथे एक तिशीचा धिप्पाड गडी डांगरं तोडून टोपल्यात भरत होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर साळुंक्या बसल्या होत्या. एक त्याच्या मुंडाशातला किडा टिपत होती.

“माहा सहदेव,” ती म्हणाली. “गेला होता अंडी आनाले. आठ वर्स झाले. काम करते, भाकर मागते, माय म्हनते. म्या पोटचा म्हनून वाढतो. राखनीले बसवलं त पाखरं त्याच्या मांडीवर बसून डांगर खातात.”

“काही उपाय?”

“सारं केलं बाप्पा. देवरुशी झाले, दर्ग्याचा ताईत झाला. थो ताईतही घालते, नाई म्हनत नाई.” तिचा आवाज खाली आला. “पन थे सुरया पाहतो मी दरसाल. टोकावर. माह्या लेकराच्या उंचीवर झेपा घालतात…”

“म्हणजे तो… तिथे आहे?”

“मले काय मालूम बाई. म्या बांधावरून हाका मारतो. एक डाव त्याचा बाप निघाला होता, त्याचे पाय धरून ठेवले म्या. थोही तठीच राह्यला असता त?”

अनुपमा उठली. माणिकबाईने तिचा पदर धरला, पण तो नुसताच धरला, ओढला नाही. आपल्या नवऱ्याला तिने अडवलं होतं. दुसरीला अडवायचं बळ तिच्या हातात उरलं नव्हतं. किंवा कुणीतरी जाऊन पाहावं असं तिलाही वाटत असेल.

जिभेवरचा चिखल आता वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पाहुणी पाखरं सगळी गेली होती. टिटव्या उठल्या, सुरया अंगावर आल्या, एकीची चोच तिच्या भांगात लागून रक्त आलं, आणि अनुपमाला त्याचं बरंच वाटलं. पुढे टोकावर दोन जागी पाखरं रिकाम्या हवेवर तुटून पडत होती. एक जागा हलत नव्हती. दुसरी हलत होती. घरट्यापाशी थांबत होती, खाली वाकत होती, पुन्हा उंच होत होती, आणि पुढल्या घरट्याकडे जात होती.

ती त्या हलणाऱ्या जागेसमोर जाऊन उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली. “झाली यादी. चला ना घरी.”

तिने हात पुढे केला. बोटांना काहीच लागलं नाही, ऊन तेवढं लागलं. सुरया तिच्याही डोक्यावर ओरडत होत्या. मग त्यातल्या काही मागे सरकल्या, तिच्या पाठीमागे, आणि तिथे ओरडू लागल्या. तिने वळून पाहिलं नाही. “चला,” ती पुन्हा म्हणाली, “मी न्यायला आलेय…”

आणि सगळं शांत झालं.

किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी ती परत फिरली. तिला काही दुखत नव्हतं, भीतीही ओसरली होती. गाडी किती वाजता आहे, वाटेत वांगी घ्यावीत का, असलं काहीबाही मनात येत होतं. एक टिटवी वाटेतच अंड्यांवर बसली होती. अनुपमाच्या लुगड्याचा काठ तिच्या पाठीवरून घासत गेला. ती हलली नाही.

बांधावर माणिकबाई उभी होती. दोन्ही हातांनी पदर हवेत हलवत ती घसा फोडून ओरडत होती.

“बाई! फिरा माघारी! बाई वो!”

“अहो माणिकबाई,” अनुपमा तिच्याजवळ जाऊन म्हणाली, “ही काय, आले ना मी.”

माणिकबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ती वाट देऊन बाजूला झाली, आणि तिच्या मागे जिभेच्या टोकाकडे तोंड करून पुन्हा हाका मारू लागली.