रिकामे डबे

प्रेम ही जगातली एकमेव अशी गोष्ट आहे की जी कितीही साठवली तरी घरात अडचण होत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. थोर माणसांच्या घरी स्टीलचे डबे नसावेत.

तोंडवळीला गुरुदासच्या घरी ते होते. झाडून सगळे शेजारच्या वर्षालीचे, झाकणावर नाव कोरलेले. वर्षालीची घरगुती खानावळ. पर्यटकांची पंगत उठली की ती एका डब्यात कालवण भरायची आणि दोन घरांमधल्या चिऱ्यांच्या गडग्यावरून, म्हणजे बुटक्या भिंतीवरून, पलीकडे द्यायची. गुरुदासची आई लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मुंबईला गेली ती नातवंडांत अडकली. मागे उरले गुरुदास आणि त्याचे वडील नाना, आणि दोघांना मिळून येणारा पदार्थ एकच, भात. तोही नानांच्या देखरेखीखाली.

इकडची रीत अशी, की शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. चार आमसुलं, अर्धा नारळ, काहीतरी घालूनच द्यायचा. गुरुदासने यावर सोपा उपाय काढला होता. तो डबा परतच करायचा नाही. मग वर्षाली तो मागायला जायची, दोघं निवांत भांडायची, आणि ती डबा न घेताच परत यायची. दोन-तीन वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

मग समीक्षा आली.

गुरुदास होडीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचा. यंदा त्याने ठरवलं, दिवाळीपासून दोन खोल्याही भाड्याने द्यायच्या. खोल्या होत्या, पण दिसत नव्हत्या. मुंबईकर नातेवाइकांना जे टाकवत नाही आणि ठेवायला जागा नसते, ते सगळं गावच्या घरी येतं. दार निखळलेला फ्रीज, तीन काकांनी पाळीपाळीने वजन कमी न केलेली व्यायामाची सायकल, एक हिरवा सोफा. हे उपसायला गुरुदासने कुडाळहून बाई बोलावली. घर आवरून देणं हाच तिचा धंदा.

वर्षालीला हे ठाऊक नव्हतं. ती दुपारी डबा घेऊन पुढच्या दारी गेली, तर दारात मोरपंखी ओढणी कमरेला खोचलेली, घामातसुद्धा देखणी दिसणारी एक मुलगी उभी.

"सॉरी हं," मुलगी हसून म्हणाली, "आवरून होईपर्यंत घरात नवीन काही आणायचं नाही. एक वस्तू आत आली तर एक बाहेर गेली पाहिजे, असा माझा नियम आहे."

"असं होय?" वर्षाली म्हणाली. "मग आपण कधी निघताय?"

वर्षालीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. राग आला की ती शुद्ध मराठी बोलते. जितका राग मोठा, तितकी भाषा शुद्ध.

घरी येऊन तिने डबा ओट्यावर आपटला. राधाबाई, म्हणजे तिची आई, बांगडे साफ करत होती.

"काय गो, काय झाला?"

"काहीही झालेलं नाही, आई."

राधाबाईने सुरी खाली ठेवली. 'काहीही' ऐकून तिला घाम फुटला.

पुढचे दिवस वर्षालीने गडग्याशेजारची मिरचीची रोपं इतक्या वेळा शिंपली की त्यांची मुळं कुजली. तो हिरवा सोफा काढून टाक म्हणून तिने गुरुदासला किती विनवण्या केल्या होत्या! 'काकाचो आसा, रागावतलो,' हे त्याचं उत्तर. आणि समीक्षा एकदा काय म्हणाली, "हा नको ना?" तर त्याच दुपारी सोफा टेम्पोत. वर गुरुदास हसला. त्याचं ते एका गालातलं हसू… वर्षालीला वाटायचं ते फक्त गडग्यावरून, तिच्यासाठीच असतं.

खानावळीत त्या रात्री सोलकढीत मीठ दोनदा पडलं. पाहुण्यांनी वाट्या रिकाम्या केल्या. वाढणारीचा चेहरा त्यांनी पाहिला होता.

"पार्सलच्या प्लास्टिकच्या डब्यातून धाड ना कालवण," राधाबाई म्हणाली. "मी कदीपासून सांगतंय. डब्याचो घोळच नको."

वर्षालीने स्टीलचाच डबा पुसायला घेतला. प्लास्टिकचा डबा मागायला कोण जाणार?

आणि मग एका दुपारी समीक्षा स्वतःच आली. कमरेवर प्लास्टिकचा मोठा टब, टबात घासूनपुसून, लहानमोठ्या क्रमाने लावलेले डबे. एक दुकान निघालं असतं.

"तुमचे ना? पलंगाखाली, माळ्यावर, कपड्यांच्या कपाटातसुद्धा! ते म्हणालेत, घरातलं सगळं ओझं जाऊ दे."

वर्षालीने वरचं झाकण उघडलं. रिकामा. दुसरं उघडलं. रिकामा. सगळे रिकामे. चार आमसुलंसुद्धा नाहीत…

"आभारी आहे," ती म्हणाली. आत गेली, दार लावलं, आणि चुलीत नसलेल्या धुराने तिचे डोळे चुरचुरले.

संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळला. गुरुदास मालवणहून आला, घरात गेला आणि तसाच बाहेर धावला. गडग्यापाशी उभा राहिला. केसांतून पाणी, शर्ट अंगाला चिकटलेला, कपाळावर एक बट. वर्षाली खिडकीतून हे सगळं न बघता बघत होती.

"वर्षाली! गो, माझे डबे खंय?"

ती छत्री घेऊन आली. छत्री फक्त स्वतःवर धरली.

"आपले डबे? झाकणावर नाव कोणाचं आहे?"

शुद्ध मराठी ऐकून गुरुदास एक पाऊल मागे सरला.

"मी घराक नव्हतंय. तिना माका न इचारता हाडून दिल्यान. मी कपाटाक हात लावूक देय नव्हतंय, म्हणान मी मालवणाक गेलंय ता बगून—"

"ओझं जाऊ दे, असं आपण म्हणालात."

"फ्रीजाक म्हटलंय मी!"

पाऊस वाढला. वर्षालीची छत्री थोडी… अगदी थोडी… पुढे कलली.

"इतकी गोड हसता ती. आवडली ना तुला?" यातलं अर्धं बोलणं मालवणी होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

"तिका माझ्या घरातली एकव वस्तू पसंत पडाक नाय," तो म्हणाला. "माका धरून."

ती हसली नाही. ओठ मात्र घट्ट मिटावे लागले. आतून तिने टब ओढत आणला आणि गडग्यावर ठेवला. त्याने वरचा डबा उचलला, ओला अंगठा तिच्या नावावरून फिरवला.

"ह्यो तिसऱ्यांच्या कालवणाचो. त्या दिसा तुझो हात भाजललो. ह्यो पोचो पडललो, तू माका फेकून मारललंस तो. आणि ह्यो…"

"सगळे ध्यानात ठेवलंस? मगे परत कित्याक देय नव्हतंस?"

"परत दिलंय तर तू मागूक येतलंस कित्याक?"

पन्हाळीतून पाणी पडत होतं. छत्री आता दोघांवर होती, म्हणजे दोघंही अर्धी भिजत होती.

"आणि तू," त्याने हळूच विचारलं, "प्लास्टिकच्या डब्यात कित्याक नाय धाडलंस?"

"माजी मर्जी."

"वर्षाली…"

"मागूक कशी इली असतंय मगे?" ती छत्रीच्या दांडीला म्हणाली.

गुरुदासने हातातला डबा गडग्यावर ठेवला. डॉल्फिन दिसलाच नाही तरी तो दिसला असं पर्यटकांना पटवून देणारा माणूस, पण आज एकेक शब्द जुळवत बोलला.

"तिचो एक नियम आसा. घरात एक इला, की एक भायर जावक होया. आता तू… तू आमच्या घरात इलंस, कायमची, तर… भायर काय काढूचा?"

वर्षालीने क्षणभरही विचार केला नाही.

"तिका."

तो हसला. त्याच एका गालात. आणि गडग्यावर, झाकणं निसटून पावसाने आपोआप भरत चाललेल्या डब्यांमधून त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. समुद्र जरा थांबला असावा, असं दोघांनाही वाटलं.

पलीकडच्या पडवीतून नानांचा आवाज आला.

"गो वर्षाली! लगीन काय ता तुमी सावकाश ठरवा. आदी वायंच कालवण धाड. मी कवापासून कोरो भात घेऊन बसलंय."